महिलांच्या सोबर होममध्ये पहिल्यांदा राहायला जाताय? हे आधी वाचून घ्या

डिटॉक्स, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली शरीरातली नशा उतरवणं, पार पडलंय, वॉर्डातून सुट्टी मिळायची वेळ आलीय आणि घरी परत जायचं म्हटलं की पोटात गोळा येतोय. घरी तीच खोली, तीच भांडणं, आणून देणारी तीच माणसं. अशा वेळी कुणीतरी सोबर होमचं नाव काढतं आणि ऐकणारीच्या डोळ्यांसमोर एकतर तुरुंग येतो नाहीतर आश्रम. खरं तर ते साधं राहतं घर असतं. राहणाऱ्या सगळ्या जणी व्यसनातून बाहेर पडत असतात, भाडं भरतात, कामं वाटून घेतात, नोकरीला जातात, संध्याकाळी परत येतात. बहुतेक ठिकाणी डॉक्टर नसतो, दाराला बाहेरून कुलूप नसतं. दारू किंवा नशा करायची नाही, ही एक अट मात्र कुणासाठीही वाकत नाही.

या घरांचा आज सगळ्यांत ओळखीचा नमुना १९७५ साली अमेरिकेत मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथे उभा राहिला. तिथलं एक सरकारी पुनर्वसनगृह बंद पडणार होतं. आतल्या रहिवाशांनी मिळून तेच घर भाड्याने घेतलं आणि स्वतः चालवायला लागले. त्याचं नाव ऑक्सफर्ड हाऊस. घराचा कारभार मतदानाने, खर्च सगळ्यांनी मिळून, आणि जो पुन्हा नशा करेल त्याला घर सोडावं लागेल, एवढ्यावर ती घरं आजही चालतात. किती दिवस राहायचं याला तिथे मुदत नाही. जगभरातल्या अनेक सोबर होम्सनी कमीजास्त फरकाने हाच ढाचा उचललाय.

मी अशा घरात राहिलेय आणि नंतर नव्या जणींना घर दाखवून नियम समजावण्याचं कामही केलंय. नवीन बाई सहसा तत्त्वज्ञानात अडकत नाही. ती अडकते बॅगेच्या कप्प्यात राहिलेल्या गोळ्यांच्या पाकिटात, फ्रीजवरच्या भांडणात, न सांगितलेल्या कर्जात. म्हणून लेख लांब असला तरी सूचना एकच आहे: जे असेल ते आधी सांगून मोकळ्या व्हा. वेळेत सांगितलेल्या गोष्टीवर घरात तोडगा निघतो. तीच गोष्ट नंतर सापडली तर बहुधा बॅग भरावी लागते.

१. आधी डिटॉक्स, मग घर

रोज पिणाऱ्या बाईने एकदम दारू थांबवली तर शेवटच्या घोटानंतर साधारण सहा तासांपासून हात थरथरणं, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका असतो. दोन ते चार दिवसांच्या आसपास काही जणींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, आणि तो प्रकार जिवावर बेतू शकतो. झोपेच्या आणि घबराटीच्या बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या एकाएकी सोडल्या तरी फिट येऊ शकते. त्या डॉक्टर हळूहळू कमी करत आणतात. सोबर होममध्ये यातलं काहीच सांभाळायची सोय नसते. 'या इकडेच, खोलीत पडून राहा, आठवड्यात मोकळ्या व्हाल' असं कुणी फोनवर म्हणालं तर फोन ठेवून द्या.

हेरॉइन किंवा तत्सम अफूच्या जातीच्या पदार्थांची सवय असेल आणि दिवस गेले असतील, तर स्वतःच्या मनाने ते बंद करू नका. गरोदरपणात डॉक्टर मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देऊन आईला स्थिर ठेवतात, कारण अचानक बंद करणं बाळालाही झेपत नाही. पाळी चुकलीय म्हणून दिवस गेलेत असं गृहीत धरू नका आणि चुकत नाहीये म्हणून गेलेले नाहीत असंही धरू नका. प्रवेशाआधी गरोदरपणाची चाचणी करून घ्या.

'मी त्याच्यापेक्षा कमीच प्यायचे, मग माझंच यकृत का बिघडलं?' हा प्रश्न प्रत्येक घरात कुणीतरी विचारतेच. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं, त्यामुळे तेवढीच दारू रक्तात जास्त घट्ट उतरते. जठरात दारू मोडणारं एन्झाइमही बायकांमध्ये कमी काम करतं. त्यामुळे पहिल्या पेल्यापासून आजारापर्यंतचा रस्ता बायकांसाठी बरेचदा लहान असतो. याचा स्वभावाच्या कमकुवतपणाशी संबंध नाही.

२. घर निवडताना विचारायचे प्रश्न

सगळी सोबर होम्स सारखी नसतात. अमेरिकेत २०११ साली या घरांची एक राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि तिने घरांच्या चार पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीवर रहिवासीच घर चालवतात. दुसऱ्यावर एक हाऊस मॅनेजर राहते, तीही बहुधा यातूनच गेलेली. तिसऱ्यावर पगारी कर्मचारी आणि आखलेला दिनक्रम असतो, चौथ्यावर उपचारही तिथेच मिळतात. तुमच्या भागात अशी वर्गवारी असो वा नसो, फोन करताना 'घर नेमकं कोण चालवतं?' हे पहिलं विचारा. नुकत्या बाहेर पडलेल्या आणि आधी अनेकदा घसरलेल्या बाईला पूर्ण मोकळं घर अवघड जातं. नोकरी सांभाळून राहणाऱ्या बाईला तासातासाचं वेळापत्रक जाचतं.

पुढचे प्रश्न कागदावर लिहून घ्या, कारण फोनवर धीर सुटतो:

– भाड्यात काय काय येतं? डिपॉझिट किती, परत कधी, आणि बाहेर काढलं तर परत मिळतं का?
– डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं चालतात का? ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन, मनोविकाराच्या गोळ्या?
– मूल बरोबर आणता येतं का? कोणत्या वयापर्यंत? मूल भेटायला येऊ शकतं का?
– तपासणी कशी होते, कोण करतं, निकाल कुणाला कळतो?
– कुणी घसरली तर नेमकं काय होतं? तिला त्याच रात्री बाहेर काढतात की सुरक्षित ठिकाणी पोचवतात?
– घराचा पत्ता गुप्त ठेवतात का? पुरुष पाहुण्यांचा नियम काय?
– घराच्या चाव्या कुणाकुणाकडे आहेत? मालक किंवा दुरुस्तीवाला न सांगता आत येऊ शकतो का?

शेवटचे दोन प्रश्न पुरुषांच्या घरात कुणी विचारत नसेल. आपल्यापैकी पुष्कळ जणी व्यसनाबरोबर मारहाणीतूनही आलेल्या असतात, त्यांची झोप या दोन उत्तरांवर अवलंबून असते.

औषधांच्या प्रश्नावर जरा थांबते. 'आमच्याकडे कुठलीच गोळी चालत नाही, गोळी घेते ती सोबर नाही' असं सांगणारी घरं अजून आहेत. असं घर मी कुणालाच सुचवणार नाही. अफूच्या जातीच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन हे मान्य उपचार आहेत, ते तोडून घरात शिरणं म्हणजे ओव्हरडोसला वाट करून देणं.

सापळा: 'राहणं फुकट, फक्त आमच्या ठरावीक सेंटरमध्ये रोज उपचाराला जायचं आणि आमच्या ठरावीक लॅबमध्ये तपासण्या करायच्या.' विमा कंपनीला बिलं लावण्यासाठी माणसं गोळा करण्याचा धंदा यातून चालतो. अमेरिकेत त्यावर खटले झालेत. तिथे तुमच्या सोब्रायटीत कुणाला रस नसतो. उलट तुम्ही परत घसरलात तर नवं बिल लागतं. उपचार कुठे घ्यायचे हे ठरवायचा हक्क तुमच्याकडे नसेल तर ते घर नको.

शक्य असेल तर एकदा संध्याकाळी जाऊन बघून या. सकाळी सगळी घरं नीटनेटकी दिसतात. स्वयंपाकघरात दोघी-तिघी बोलत उभ्या आहेत की प्रत्येकीचं दार बंद आहे, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

३. कागदपत्रं आणि बॅग

सोबत ठेवायचे कागद, मूळ आणि एकेक झेरॉक्स:

– फोटो असलेलं ओळखपत्र
– डिटॉक्स किंवा उपचार केंद्राचा डिस्चार्ज कागद
– चालू औषधांची चिठ्ठी, डॉक्टरांच्या सहीसकट
– अलीकडचे रक्ताचे आणि यकृताचे रिपोर्ट
– विम्याची कागदपत्रं, असतील तर
– बँकेचे तपशील आणि पहिल्या महिन्याच्या भाड्याची सोय
– कोर्टाचे आदेश: मुलाचा ताबा, संरक्षण आदेश, जामिनाच्या अटी, जे असेल ते
– अडीअडचणीला फोन करायच्या दोन माणसांची नावं, त्यातलं एक तरी न पिणारं

औषधं मूळ पाकिटात किंवा बाटलीतच आणा. सुट्ट्या गोळ्या डबीत घालून आणल्यात तर त्या तुमच्याच आहेत हे तुम्हालाही सिद्ध करता येत नाही.

बॅगेतून काय काढायचं हे मात्र कुणी नीट सांगत नाही. अल्कोहोल असलेलं माउथवॉश, परफ्यूम, हँड सॅनिटायझरची मोठी बाटली, खोकल्याचं औषध, केक-बिस्किटात घालायचा इसेन्स, जुन्या दुखण्याच्या उरलेल्या गोळ्या. डायसल्फिराम (दारू सुटावी म्हणून देतात ती गोळी) चालू असेल तर यातल्या काही वस्तू घराच्या नियमाखातर नाही, तर तब्येतीसाठीच दूर ठेवाव्या लागतात, कारण थोडं अल्कोहोल पोटात गेलं तरी तोंड लाल होणं, धडधड, उलट्या सुरू होऊ शकतात. गोळी थांबवल्यावर दोन आठवड्यांपर्यंत हा त्रास होऊ शकतो. बॅगेचे चोरकप्पे, कोटाचे खिसे, पर्सचं अस्तर स्वतः उलटं करून बघा. ज्या काळात आपण वस्तू लपवत होतो त्या काळातलं आपल्यालाच सगळं आठवत नाही. आल्या दिवशी बॅग उघडून तपासतात. त्याआधी 'माझ्याकडून काही राहिलं असेल तर सांगा, टाकून द्या' असं म्हणून टाका.

दागिने, किमती वस्तू आणू नका. इयरप्लग नक्की आणा.

४. प्रवेशाची मुलाखत

ही परीक्षा नाही, पण आपण परीक्षेसारखी देतो. शेवटचं कधी घेतलं, काय काय घेतलं, आधी किती वेळा उपचार झाले, आत्महत्येचा विचार किंवा प्रयत्न, मारहाण, कोर्टकचेरी, कर्ज, मुलं कुठे आहेत. एकापाठोपाठ एक प्रश्न येतात आणि तोंडातून सवयीने सौम्य उत्तरं निघतात. 'कधीमधी', 'थोडंसं', 'तेव्हा टेन्शन होतं म्हणून'. समोर बसलेली बाई हीच उत्तरं एके काळी स्वतः देत होती, त्यामुळे तिच्यावर त्यांचा फार परिणाम होत नाही.

तीन गोष्टी लपवल्या तर नंतर हमखास अंगाशी येतात. एक, झोपेच्या गोळ्या. दारूसाठी आलेली बाई 'गोळ्या तर डॉक्टरनेच दिल्यात' म्हणून त्या मोजतच नाही. दोन, खाण्याचे विकार. उपाशी राहणं किंवा खाऊन उलटी काढणं हे व्यसन सुटल्यावर बरेचदा डोकं वर काढतं आणि भरल्या घरात ते लपत नाही. तीन, शोधत येऊ शकणारा माणूस. नवरा, जुना मित्र, विकणारा, पैसे येणं असलेला. तुमच्या दारात तो आला तर सगळ्या घराच्या दारात येतो.

मुलाखत संपली की नियमांच्या कागदावर सही घेतात. तो घाईत वाचू नका. एक प्रत मागा. 'घर सोडायला सांगण्याचे अधिकार' आणि 'डिपॉझिट' हे परिच्छेद दोनदा वाचा.

५. सुरुवातीचे आठवडे

बहुतेक घरांत आल्याआल्या बंधनं जास्त असतात: रात्री लवकर परत यायचं, बाहेर एकटीने जायचं नाही, काही दिवस फोन कमी, ठरावीक मिटिंगा सक्तीच्या. दिवस निघत जातात तशी ढील मिळते. मोठ्या वयाच्या बाईला 'कुठे निघालात, कधी येणार' हे वहीत लिहायला सांगितलं की राग येतो. येऊ दे. लिहा.

मिटिंग म्हणजे बहुधा अल्कोहोलिक्स अनॉनिमस किंवा नार्कोटिक्स अनॉनिमसची, म्हणजे दारू किंवा नशा सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या, बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमावर चालणाऱ्या गटांची. १९३५ साली सुरू झालेली ही पद्धत मुळात पुरुषांनी पुरुषांसाठी मांडलेली आहे आणि काही जणींना तिची भाषा टोचते. अहंकार मोडा, शरण जा हे ज्या बाईला आयुष्यभर शरणच जायला लावलंय तिला सांगणं विचित्र वाटू शकतं. याच विचारातून जीन कर्कपॅट्रिक यांनी सत्तरच्या दशकात 'विमेन फॉर सोब्रायटी' हा वेगळा गट सुरू केला. तुमच्या घराने कोणते गट मान्य केलेत ते विचारा, फक्त बायकांची मिटिंग असेल तर तिथून सुरुवात करा आणि स्पॉन्सर, म्हणजे गटातली वाट दाखवणारी जुनी सदस्य, बाईच निवडा.

शरीर आता कुठे जागं होतं. झोप उडते, विनाकारण रडू येतं, चिडचिड होते, आणि हे आठवडे, कधी महिनेही, लाटांसारखं येत-जात राहतं. पाळीच्या आधीचे दिवस तलफेच्या दृष्टीने काही जणींना जड जातात. कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि त्या दिवसांत मिटिंग चुकवू नका. अफूच्या पदार्थांमुळे थांबलेली पाळी परत सुरू होते, आणि पहिली पाळी यायच्या आधीच दिवस जाऊ शकतात. गर्भनिरोधकाबद्दल डॉक्टरांशी आताच बोला.

तलफ आली की आधी चार गोष्टी तपासायच्या असतात: भूक लागलीय का, राग आलाय का, एकटं वाटतंय का, थकवा आहे का. ऐकायला बाळबोध वाटतं, पण बऱ्याच वेळा नुसतं जेवून झाल्यावर धार कमी होते. नाहीच झाली तर हॉलमध्ये जाऊन सांगा: 'ताई, मला आत्ता प्यावंसं वाटतंय.' एवढंच वाक्य. पुढचं ती बघते. त्या घरात या वाक्याने कुणी दचकत नाही.

६. लघवीची तपासणी

ही लाजिरवाणी असते, उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. दार अर्धं उघडं, बाहेर एक जण उभी, आत तुम्ही हातात प्लॅस्टिकचा कप घेऊन बसलेल्या आणि नेमकं त्याच वेळी काही केल्या होत नाही. नळ थोडा सोडायला सांगा, बहुतेक जणी नाही म्हणत नाहीत. दिवस काही ठरलेला नसतो, नावाची चिठ्ठी निघाली की द्यायची. अत्याचारातून गेलेल्या बाईला कुणी बघत असताना हे शक्य होत नसेल तर तसं आधी सांगावं. तोंडातल्या लाळेच्या तपासणीचा पर्याय बरीच घरं देऊ शकतात.

काही माहिती हाताशी असू द्या. फुंकरीच्या यंत्रात दारू काही तासच सापडते, पण लघवीतल्या ईटीजी तपासणीत साधारण तीन दिवसांपर्यंतचं पिणं कळू शकतं. रोज गांजा ओढणारीच्या लघवीत तो बंद केल्यावरही काही आठवडे सापडू शकतो, म्हणून पहिल्या दिवसाचा निकाल लिहून ठेवायला सांगा. नंतरचे निकाल त्याच्याशी ताडून बघतात. खसखस खाल्ल्यावर अफूची तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. सर्दीची काही औषधंही झटपट पट्टीला फसवतात. पट्टीवरचा निकाल खरा वाटत नसेल तर लॅबमधून पक्की तपासणी मागा. पाणी ढोसून लघवी पातळ करायच्या फंदात पडू नका. पातळ नमुना बऱ्याच घरांत पॉझिटिव्हच धरतात.

काहीही नवीन औषध घेण्याआधी, दाताच्या डॉक्टरने दिलेली वेदनाशामक गोळी असली तरी, हाऊस मॅनेजरला दाखवा. डॉक्टरलाही सांगा की तुम्ही रिकव्हरीत आहात. नाल्ट्रेक्सोन (व्यसन सुटायला देतात ते एक औषध) चालू असेल तर अफूच्या जातीची वेदनाशामकं लागूच पडत नाहीत, ऑपरेशनच्या आधी हे सांगणं फार महत्त्वाचं आहे.

७. एकमेकींबरोबर राहणं

मला विचाराल तर इथेच घर टिकतं किंवा मोडतं. तलफेपेक्षा जास्त बायका मी रूममेटच्या भांडणातून बॅग भरताना पाहिल्यात.

फ्रीज बघा. प्रत्येकीचा कप्पा, डब्यावर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर पेनाने नाव आणि तारीख. तरीही कुणाचं तरी दही कुणीतरी खातं. रात्री नऊ वाजता दह्यावरून आवाज चढतो, आणि ऐकणारी शहाणी असेल तर तिला कळतं की दोघींपैकी एकीला आज कोर्टातून पत्र आलंय. दही गेलं तर तिथल्या तिथे सांगा, हसून सांगता आलं तर उत्तमच. मनात साठवून आठवड्याच्या बैठकीत यादी वाचू नका.

आठवड्याची बैठक चुकवायची नसते. कामांच्या पाळ्या, खर्च, तक्रारी, नव्या रहिवासीवर मतदान हे सगळं तिथे होतं. बोलताना 'तू नेहमी असंच करतेस' ऐवजी 'मंगळवारी बाथरूमची पाळी झाली नव्हती' असं म्हटलं की निम्मी भांडणं वाचतात. पाळीचं काम तुमच्या मनाला पटेल इतकं नव्हे, तर तक्त्यावर लिहिलंय तेवढं करा. आयुष्यभर दुसऱ्यांचं करत आलेल्या जणी इथेही सगळ्या घराचं अंगावर घेतात, दोन महिन्यांत थकतात आणि चिडतात. दुसरीच्या पाळीची भांडी तिलाच घासू द्या.

ऐकलेली गोष्ट बाहेर न्यायची नाही. कुणाची कुणाला, रूममेटची स्पॉन्सरला, फोनवर आईला, कुठेच नाही. फोटो टाकतानाही मागे कोण आहे, खिडकीतून काय दिसतंय, लोकेशन चालू आहे का हे बघा. एका फोटोवरून घराचा पत्ता शोधून काढणारे नवरे असतात.

याला एकच अपवाद. कुणी नशा करतेय, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलतेय, हे कळलं तर गप्प बसायचं नाही. ती मैत्रीण असली तरी, 'तुला माझी शपथ' म्हणाली असली तरी. आधी तिला सांगा: 'तू सांग नाहीतर संध्याकाळपर्यंत मी सांगते.' जिवाचा प्रश्न असेल तर संध्याकाळचीही वाट बघू नका. सुरुवातीला काही दिवस ती बोलणार नाही, तेवढं सहन करा.

पैसे उसने देऊ नका, घेऊ नका. औषधं तर अजिबातच नाही, डोकं दुखतंय म्हणून साधी गोळीसुद्धा मॅनेजरकडून.

८. बाहेरची माणसं

नवीन सोबर झालेल्या बाईकडे मिटिंगमधले जुने पुरुष सदस्य लक्ष देतात. त्यातले काही खरंच मदत करतात. काहींचा हेतू वेगळा असतो, आणि हा प्रकार इतका जुना आहे की बारा पायऱ्यांच्या त्या कार्यक्रमात त्याला 'तेरावी पायरी' असं नाव पडलंय. घरी सोडतो, एकटीला समजावतो, माझ्याइतकं तुला कुणी ओळखत नाही असं कुणी म्हणायला लागलं की हाऊस मॅनेजरच्या कानावर घाला. पहिलं वर्ष नवीन नातं नको असं सगळीकडे सांगतात. मी त्याला नियम म्हणणार नाही, पण ज्या जणींनी ऐकलं नाही त्यांच्यापैकी कुणी 'बरं झालं ऐकलं नाही' असं म्हटल्याचं मला आठवत नाही.

मुलांच्या बाबतीत घाई होते. 'मी आता चांगली आहे, त्याला आणा' असं आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात वाटतं. मूल आणून चार दिवसांनी परत पाठवण्यापेक्षा, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी फोन करा आणि तो एकदाही चुकवू नका. मुलाच्या ताब्याचा वाद चालू असेल तर भाड्याच्या पावत्या, तपासणीचे निकाल, मिटिंगच्या हजेरीच्या सह्या एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावत जा. वकिलाला ही फाइल तुमच्या शपथपत्राइतकीच उपयोगी पडते.

घरच्यांना त्यांच्यासाठीच्या गटात जायला सुचवून बघा. अल-अनॉन त्यासाठीच आहे. गेले तर उत्तम, नाही गेले तर त्यावरून भांडू नका.

९. घसरलात तर

आत्ताच, घोट पोटात असतानाच, सांगा. उद्याच्या तपासणीत सापडण्याआधी. काही घरं तरीही बाहेर काढतील, नियम तसाच असेल. पण स्वतः सांगितलेल्या बाईला पुन्हा डिटॉक्सला पोचवायला, काही दिवसांनी परत घ्यायला, निदान कुठल्या नातेवाइकाकडे सोडायला घर तयार असतं.

एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावावी अशी आहे. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. पूर्वी जेवढं सहज पचायचं तेवढाच डोस आता जीव घेऊ शकतो. अफूच्या जातीच्या पदार्थांवर नालोक्सोनचा फवारा नाकात मारला की थांबलेला श्वास परत येऊ शकतो. घरात तो कुठे ठेवलाय हे पहिल्याच दिवशी विचारा आणि वापरायला शिकून घ्या. त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि ती पुन्हा बेशुद्ध पडू शकते, म्हणून फवारा मारला तरी अॅम्ब्युलन्स बोलवायचीच. दारूच्या विषबाधेवर तो चालत नाही. तिथे तिला कुशीवर वळवून, एकटी न सोडता, मदत बोलवा. 'झोपू दे, उतरेल' असं म्हणून दार लोटून घेऊ नका.

दुसरी कुणी घसरून गेली की घर काही दिवस हादरतं. तिची गादी रिकामी दिसते, कुणीतरी 'मला माहीतच होतं' म्हणतं, कुणाला स्वतःचीच तलफ उठते. त्या आठवड्यात एक मिटिंग जास्त करा.

१०. निघताना

निघायची तारीख रागाच्या भरात ठरवू नका. आधी नोकरी किंवा उत्पन्नाची घडी, मग राहायची जागा, मग जवळची मिटिंग आणि डॉक्टर, मग निघायचं, असा क्रम ठेवा. नव्या जागी एकटी राहणार असाल तर घरातल्याच एखादीबरोबर मिळून जागा बघता येते का विचारा, अनेक जणी तसं करतात. पहिल्या महिन्यात रोज एका ठरावीक वेळी घरातल्या कुणालातरी फोन करायचं ठरवून टाका. तुमचा फोन नाही आला तर तिने करायचा.

नोटीस लेखी द्या, नियमात लिहिलीय तेवढ्या दिवसांची. खोलीचे फोटो काढा, चाव्या मोजून परत करा, लॉकरमधली औषधं मॅनेजरसमोर मोजून घ्या, सही करा आणि सहीच्या कागदाचा फोटो ठेवा. कोर्टाने किंवा डॉक्टरने मागितलं तर म्हणून राहिल्याच्या कालावधीचं पत्र त्याच दिवशी मागून घ्या. मॅनेजर बदलतात, आणि नंतर ते पत्र मिळवायला हेलपाटे पडतात.